चित्रकलेची वही यादीतून खोडू नका

जून महिना उजाडला की कामगारांच्या घरोघरी शाळेच्या सामानाची यादी निघते. गणवेश, दप्तर, वह्या, बूट, छत्री, शिकवणीची फी. महिन्याच्या पगारात सगळे बसत नाही. मग घरधनी पेन घेऊन बसतो आणि यादीतल्या ज्या नावावर पहिली काट मारतो, ते नाव बहुतेक वेळा चित्रकलेच्या वहीचे असते. पाठोपाठ रंगपेटी जाते. "चित्रे काढून का पोट भरणार आहे?" हे वाक्य आमच्या वस्तीत दर वर्षी दहा घरांतून ऐकू येते, आणि ऐकणारे पोर मान खाली घालून गप्प बसते.

असे म्हणणाऱ्या आई-बापांना नावे ठेवण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. ज्यांच्या वाडवडिलांना शाळेच्या ओट्यावरही बसू दिले गेले नाही, त्यांना गणित, विज्ञान आणि इंग्रजी हे विषय म्हणजे पोराच्या पायाखालची पक्की जमीन वाटते, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, विज्ञान पक्के व्हावे म्हणून जी वही आपण यादीतून काटतो, ती वही विज्ञानाचीसुद्धा आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि नारळाचे झाड येते. त्या चित्राविषयी आम्ही बोलत नाही. आम्ही बोलतो आहोत रेखाटनाविषयी. समोरची वस्तू नीट पाहायची, ती कशी जोडलेली आहे, कशी चालते, कशाच्या खाली काय आहे, हे साध्या रेघांनी कागदावर उतरवायचे. याला रंग लागत नाहीत आणि उपजत कलाही लागत नाही. सुतार फळीवर रेघ मारतो, शिंपी कापडावर खडूची खूण करतो, गवंडी विटेच्या तुकड्याने भिंतीवर खिडकीचा आकार दाखवितो. आपल्या माता-भगिनी ठिपके मोजून रांगोळी काढतात. हे सगळे रेखाटनच आहे. आपल्या घरांत ही विद्या आधीच आहे. फक्त तिला कोणी विद्या म्हणत नाही.

आमच्या वस्तीतील विहारात संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालते. आम्ही दिवसभर कचेरीत आवक-जावक बारनिशी सांभाळणारे कारकून, शिक्षक नव्हे. पण सातनंतर तेथे जाऊन बसतो. एकदा आठवी-नववीच्या मुलांना कागद वाटून सांगितले, "न बघता सायकल काढा." मुले हसली. सायकल कोणाला ठाऊक नाही? दहा मिनिटांनी कागद गोळा केले आणि पाहातच राहिलो. कित्येकांनी साखळी पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही चाकांना गुंडाळली होती. काहींनी पायडल थेट पुढच्या चाकाला लावले होते. एका पठ्ठ्याने दोन्ही चाकांचे मध्य एका सरळ दांड्याने जोडून टाकले होते. ती सायकल जन्मात वळली नसती. बरोबर काढली ती एका मुलीने. तिच्या वडिलांचे पंक्चरचे दुकान आहे आणि साखळी उतरली की चढवायला तीच बसते.

मग सगळ्यांना खाली नेऊन भिंतीला टेकवलेली सायकल दाखविली आणि विचारले, "साखळी दोन्ही चाकांना असती तर हँडल वळविताना काय झाले असते?" तेथून पुढे अर्धा तास जी चर्चा झाली, ती कोणत्याही गाईडात नाही. आमची मुले मंद आहेत असे मात्र कोणी समजू नये. ब्रिटनमधील लिव्हरपूल विद्यापीठाच्या रेबेका लॉसन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सायकलीचाच प्रयोग मोठ्या माणसांवर करून २००६ साली प्रसिद्ध केला. त्यातही साखळी, पायडल आणि फ्रेम चुकविणारे पुष्कळ निघाले. सायकल चालविणारेदेखील त्यातून पुरते सुटले नाहीत. रोज पाहणे आणि समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठे समजलेले नाही, हे हातात पेन्सिल घेतल्यावर कळते.

बापाला न आवडलेले चित्र

स्पेन देशात १८५२ साली जन्मलेल्या सांतियागो रामोन इ काहाल या मुलाची गोष्ट आपल्या पालकांनी अवश्य ऐकावी. त्याला चित्रांचे वेड होते. वडील गरिबीतून कष्टाने वर येऊन डॉक्टर झालेले, करारी. चित्रे म्हणजे वेळेची नासाडी, असे त्यांचे ठाम मत. शेवटी एकदा निकाल लावावा म्हणून त्यांनी मुलाचे एक चित्र गावातल्या चर्चच्या भिंतींना रंगसफेदी करायला आलेल्या कारागिराला दाखविले. त्याने चित्राला नाक मुरडले. झाले! पोराला चित्रकला येत नाही, यावर शिक्कामोर्तब झाले. शाळेतही त्याचे जमेना, तेव्हा बापाने त्याला आधी न्हाव्याकडे आणि मग चर्मकाराकडे कामाला ठेवले. (युरोपात यात जातीचा बट्टा नव्हता, ती शिक्षा होती एवढेच.)

पुढे वडिलांनीच त्याला शरीरशास्त्र शिकवायला घेतले. जुन्या स्मशानातली हाडे आणून बाप-लेक ती पाहात बसत आणि मुलगा एकेक हाड कागदावर उतरवीत असे. ज्या बापाने चित्रे फाडायची, त्याच बापाला मुलाच्या आकृत्यांचा अभिमान वाटू लागला. काहाल डॉक्टर झाला आणि सूक्ष्मदर्शकातून मेंदूच्या चकत्या पाहू लागला. त्या काळी मोठमोठे पंडित मानीत की मेंदूतले तंतू एकमेकांत अखंड गुंतलेले आहेत, कोळ्याच्या जाळ्यासारखे. ज्या रंगपद्धतीने हे तंतू दिसू शकत, ती शोधून काढणारे इटलीचे कामिल्लो गोल्जी यांचेही मत तेच होते. काहालने त्यांचीच पद्धत घेतली, ती सुधारली आणि जे दिसले ते रेखाटत गेला. एक दिवस नव्हे, वर्षानुवर्षे; एक आकृती नव्हे, हजारो. टोके कोठे संपतात हे कागदावर दाखवायचेच असल्याने त्याला ती टोके शोधावी लागली. त्यावरून त्याने १८८८ पासून मांडायला सुरुवात केली की मेंदूतली प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, ती दुसरीला चिकटलेली नाही. १९०६ साली गोल्जी आणि काहाल या दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले, आणि गंमत अशी की समारंभाच्या भाषणातही गोल्जींनी काहालचे म्हणणे खोडून काढले! दोन पेशींमधली फट पुढे १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्पष्ट दाखविली. काहाल १९३४ सालीच वारला होता. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना त्याच्या आकृत्या आजही दाखविल्या जातात.

त्या रंगसफेदीवाल्याचे नाव इतिहासाने जपून ठेवले नाही. ते बरेच झाले.

चंद्राची गोष्टही अशीच आहे. १६०९ सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या थॉमस हॅरियट याने दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले. गॅलिलिओच्या काही महिने आधी. पण त्याच्या कागदावर नुसते काळे-पांढरे डाग आले. गॅलिलिओला छाया-प्रकाशाच्या चित्रकलेची चांगली जाण होती. चंद्राच्या अंधाऱ्या भागात, उजेडाच्या सीमेजवळ, त्याला लहान लहान चमकते ठिपके दिसले; आणि पहाटे डोंगराचे माथे पायथ्याच्या आधी उजळतात तसे हे माथे आहेत, हे त्याने ओळखले. १६१० साली त्याने आकृत्यांसह पुस्तक काढले. आकाशातला तो निर्मळ गोळा खाचखळग्यांचा निघाला, आणि धर्मपीठांच्या शिकवणुकीला पहिला तडा गेला.

बूट पुसून शिकलेली रेघ

आता ज्याची गोष्ट आम्ही अभ्यासिकेत पुन्हा पुन्हा सांगतो, तो मायकेल फॅरडे. जन्म १७९१, लंडनजवळ. बाप लोहार, तोही सतत आजारी. महागाईच्या एका काळात मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एकच पाव येत असे, तो त्याला सात दिवस पुरवावा लागे. शिक्षण म्हणाल तर वाचता-लिहिता येण्यापुरते आणि थोडा हिशेब. तेराव्या वर्षी तो एका पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला, आणि पुढच्या वर्षी त्याच दुकानात पुस्तकबांधणीच्या कामावर सात वर्षांचा उमेदवार. दिवसा पुस्तके शिवायची, रात्री तीच वाचायची.

त्या घरात फ्रान्समधून आलेला मास्केरिए नावाचा एक चित्रकार राहात होता. फॅरडेने त्याच्याकडून रेखाटन शिकून घेतले. वस्तू जवळची मोठी आणि दूरची लहान कशी दिसते, पेटीच्या कडा कागदावर कशा उतरवायच्या, हे सगळे. फी द्यायला पैसे नव्हते. मोबदला म्हणून तो त्या चित्रकाराची खोली झाडी आणि त्याचे बूट पुसून चकचकीत करी. आम्ही हे वाक्य सांगतो तेव्हा अभ्यासिकेत शांतता पसरते. ज्यांच्या आया लोकांच्या घरची धुणीभांडी करतात, त्या मुलांना या सौद्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

१८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला प्रख्यात शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. चार व्याख्याने झाली. फॅरडेने प्रत्येकाची टिपणे घेतली, घरी येऊन ती सविस्तर लिहिली, आणि डेव्हींनी टेबलावर मांडलेल्या उपकरणांच्या आकृत्या त्यात काढल्या. कोणती नळी कोणत्या बाटलीत जाते, दिवा कोठे ठेवला आहे, सगळे. तीनशेहून अधिक पाने झाली. ती त्याने स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींकडे पाठवून नोकरीची विनंती केली. प्रमाणपत्र नव्हते, शिफारस नव्हती. अर्जासोबत जोडायला ती वही तेवढी होती. १८१३ च्या मार्चमध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळेचा मदतनीस म्हणून रुजू झाला. बाटल्या धुण्यापासून सुरुवात.

पुढची अठरा वर्षे आम्ही येथे गाळतो. २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरडेने लोखंडाच्या एका कड्याला दोन बाजूंनी तारेचे वेटोळे गुंडाळले. एका वेटोळ्यातून बॅटरीची वीज सोडताच, दुसऱ्या, बॅटरीशी काही संबंध नसलेल्या वेटोळ्याच्या टोकाजवळची चुंबकसूची क्षणभर हलली. त्याच्या रोजनिशीत त्या दिवशी त्या कड्याची लहानशी आकृती आहे. आपल्या गल्लीच्या तोंडाशी जो ट्रान्सफॉर्मर गुणगुणत उभा असतो आणि जो जळाला की दोन दिवस वस्ती अंधारात राहते, तो त्याच कड्याचा वंशज.

फॅरडेला गणित येत नव्हते. बीजगणिताची समीकरणे त्याने आयुष्यभर टाळली. मग चुंबकाची ओढ दुरूनच कशी पोहोचते, याचा विचार तो कसा करीत असे? रेघांनी. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरला की जी वळणे उठतात, ती त्याने शेकडो प्रकारे पाहिली, मेणाच्या कागदावर धरून ठेवली, रेखाटली. त्या वळणांना त्याने बलरेषा म्हटले. पुष्कळ गणितज्ञ शास्त्रज्ञांना त्या रेषा म्हणजे अडाण्याची सोय वाटली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुण गणितज्ञाने मात्र त्या मनावर घेतल्या, १८५५-५६ मध्ये त्यांच्यावरच निबंध लिहिला आणि पुढे त्यांतून विजेची व चुंबकाची समीकरणे घडविली. रेडिओ, दूरदर्शन, खिशातला मोबाइल हा सगळा पसारा त्यानंतरचा. मॅक्सवेलने स्वतःच लिहून ठेवले आहे की फॅरडेची पद्धत गणितीच होती, फक्त ती नेहमीच्या चिन्हांत मांडलेली नव्हती.

आमच्या मते, गणितात कच्च्या म्हणून विज्ञानातून अंग काढून घेणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि विशेषतः मुलीला ही गोष्ट ठाऊक असली पाहिजे. गणित टाळा असे आम्ही म्हणत नाही; मॅक्सवेल आला नसता तर गाडी तेथेच थांबली असती. पण गणिताचे दार घट्ट बसलेले असेल, तर आत शिरायला आकृतीची एक खिडकी असते.

मटकी, हृदय आणि गाईड

शाळेत मुले आकृत्या काढत नाहीत का? काढतात. गाईडमधली हृदयाची आकृती वहीत जशीच्या तशी उतरते, निळ्या-तांबड्या पेन्सिलीने रंगते, नावे दिली जातात आणि गुण मिळतात. पण गाईड मिटून विचारा, "पायातले रक्त फुप्फुसात जाऊन परत पायात कसे येते, ते बाण काढून दाखव." दहातली आठ मुले थांबतात. हृदयाची डावी बाजू कागदावर उजवीकडे का असते, हे तर फारच थोड्यांना सांगता येते. (समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचे ते हृदय आहे. आरशापुढे नव्हे, माणसापुढे उभे राहून पाहावे.) उतरविलेली आकृती ही घोकंपट्टीच आहे, फक्त ती हाताने केलेली. पाहून किंवा आठवून, स्वतः विचार करून काढलेली आकृती वेगळी. शिक्षक बंधू-भगिनींना आमची विनंती आहे की छापील तक्ता टांगण्यापेक्षा फळ्यावर एकेक रेघ मारीत, बोलत बोलत आकृती उभी करावी. ती वाकडी आली तरी चालेल. वाकडी आली तर मागच्या बाकावरच्या पोराला धीरच येतो.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना शब्द दिले; काही शब्द पुन्हा पुन्हा लिहायला सांगितले, काहींचे चित्र काढायला. नंतर अचानक विचारले, कोणते शब्द आठवतात? चित्र काढलेले शब्द लिहिलेल्यांपेक्षा पुष्कळच जास्त आठवले. आणि चित्र चांगले की वाईट, याने फरक पडला नाही. हा शब्दांच्या याद्यांवरचा प्रयोग होता, त्याच्यावर संपूर्ण शिक्षणाचा इमला रचू नये. तरी दहा वेळा लिहून काढण्याची शिक्षा देणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा.

आता घरच्या घरी करण्यासारखे. मूठभर मटकी भिजवा. त्यातले चार दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून काचेच्या पेल्याच्या कडेला दिसतील असे ठेवा आणि मुलाला रोज एकाच वेळी ते काढायला सांगा, तारीख टाकून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो आपोआप विचारील की आधी बाहेर आलेला हा पांढरा भाग खालीच का वळतो. मोड म्हणून जे आपण उसळीत खातो, ते आधी फुटलेले मूळ आहे! मग पेला आडवा करून ठेवा. एक-दोन दिवसांत मुळाचे टोक पुन्हा खाली वळलेले दिसेल. अंधार असो वा उजेड, खाली कोणते हे मुळाला कळते. या प्रयोगाला खर्च किती? उरलेल्या मटकीची उसळ होते.

आणखी एक. ज्या घरात आई-बाप शिकलेले नाहीत, तेथे मुलाचा अभ्यास घ्यायचा कोणी, हा मोठा प्रश्न असतो. मुलाने लिहिलेला धडा आईला वाचता येत नाही. परंतु आकृती तिला दिसते. "हे काय आहे रे? आणि ही रेघ कुठे जाते?" एवढे दोन प्रश्न विचारायला अक्षर लागत नाही, आणि उत्तर देताना पोराची खरी परीक्षा होते. आमच्या शेजारच्या एका आजीबाईंनी नातवाच्या वहीतली विहिरीवरच्या रहाटाची आकृती पाहून, "दोर या अंगाने गेला तर बादली वर कशी येईल?" असे विचारले. नातवाने पुस्तक उघडून पाहिले. आजीचे बरोबर होते. तिने बारा वर्षे पाणी ओढले होते.

मोबाइल आल्यावर रेखाटन कशाला, असे कोणी म्हणेल. फोटो काढला की काम झाले. अमेरिकेतील लिंडा हेंकेल या बाईंनी २०१४ साली याचीही परीक्षा घेतली. वस्तुसंग्रहालयात माणसांना नेऊन काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींचे फोटो काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तूच कमी आठवल्या. मात्र ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा नेऊन तेवढ्याच भागाचा फोटो घेतला, त्यांचे असे नुकसान झाले नाही. त्यांना निवड करावी लागली होती.

अभ्यासिकेची सहल कार्ल्याच्या लेण्यांना गेली होती, तेव्हा आम्ही मुलांना मोबाइल पिशवीत ठेवायला लावून अर्धा तास चैत्यगृहात कागद-पेन्सिल दिली. स्तूप, खांबांच्या दोन रांगा आणि वरचे गोलाकार छत. छत काढता काढता एका मुलाने विचारले, "दादा, हा सगळा डोंगर कोरलाय ना? मग वर लाकडाच्या फासळ्या कशाला? त्या नसल्या तरी छत पडणार नाही." आम्ही त्या लेण्यात कितीतरी वेळा वंदना घेतली आहे, पण हा प्रश्न कोणी विचारलेला आम्ही ऐकला नव्हता. उत्तर असे की त्याआधी चैत्यगृहे लाकडाची बांधीत. डोंगर कोरणाऱ्या कारागिरांच्या डोळ्यांत तेच सुतारकामाचे रूप होते, म्हणून त्यांनी दगडी छताला खऱ्या लाकडी फासळ्या बसविल्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या फासळ्या कार्ल्याला आजही पाहायला मिळतात. कित्येक शतकांनंतर अजिंठ्याची १९ आणि २६ क्रमांकाची लेणी कोरली, तेव्हा फासळ्याही दगडातच कोरल्या; सुतार गेला, पण त्याची रेघ राहिली. पुढच्या सहलीला मुले अजिंठ्याचेच नाव घेत आहेत. एस.टी.च्या भाड्याची जुळवाजुळव चालू आहे.

प्रेस मशीनचा कागद

हे सगळे शाळेपुरते आहे असे वाटू नये, म्हणून एक प्रसंग सांगतो. आमच्या ओळखीचा एक कामगार एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. एके दिवशी डाव्या हाताची दोन बोटे प्रेसखाली गेली. मालकाचे म्हणणे, यानेच मशीनची संरक्षक जाळी काढली होती. वाचकांपैकी जे कारखान्यांत आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे: १९२३ च्या भरपाई कायद्यात, जो पुढे कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणून ओळखला गेला, अशी तरतूद होती की कामगाराने जाणूनबुजून संरक्षक साधन काढून टाकले आणि त्यामुळेच इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व सोडून इतर इजांना मालक भरपाई देण्यास बांधील राहात नसे. म्हणजे जाळी कोणी काढली, यावर सगळे येऊन ठेपले.

गडी बोलण्यात कच्चा. वकिलापुढे बसला की "साहेब, ते असं खाली आलं आणि गेलं" यापलीकडे जाईना. घरी बसवून आम्ही त्याच्यापुढे पाठकोरा कागद ठेवला आणि म्हटले, बोलू नकोस, मशीन काढ. उजव्या हाताने तो तासभर काढीत बसला. डाय कोठे, पायाने दाबायचा दांडा कोठे, माणूस कोठे उभा राहतो, जाळीची चौकट कोठे बसते. मग त्याने चौकटीचे चार बोल्ट काढले. ते मशीनच्या मागच्या बाजूला होते, भिंतीपासून वीतभर अंतरावर. आम्ही विचारले, येथे हात कसा जातो? तो म्हणाला, "जात नाही. मशीन सरकवावी लागते. आणि त्या मापाचा पाना सुपरवायझरच्या कपाटात असतो. मोठ्या मापाचा माल आला तेव्हा त्यांनीच काढली, परत बसवली नाही." हे वाक्य तो तीन आठवड्यांत पहिल्यांदा बोलला होता. त्याला ते सांगण्यासारखे आहे, हेच ठाऊक नव्हते. कागदावर बोल्ट काढले तेव्हा ते बाहेर आले.

त्या कागदावरून वकिलांनी उलटतपासणीचे प्रश्न तयार केले. पाळीवरच्या दोन सोबत्यांनी आकृती पाहून, असेच होते म्हणून साक्ष दिली. भरपाई मिळाली, वेळ लागला, पण मिळाली.

घराची पडझड झाली, रस्त्यावर अपघात झाला, शेताच्या बांधावरून भाऊबंदकी निघाली, पुनर्वसनाच्या सर्वेक्षणात खोलीचे माप कमी लागले, अशा प्रत्येक वेळी त्याच दिवशी एक आकृती काढून ठेवावी. उत्तर दिशा दाखवावी, अंतरे पावलांनी मोजून लिहावीत, तारीख घालावी, हजर असलेल्या दोघांच्या सह्या घ्याव्यात. फोटोही काढावा, पण फोटोत अंतर दिसत नाही आणि भिंतीमागचे काहीच दिसत नाही. मोजणी खात्याच्या नकाशाची जागा ती आकृती घेणार नाही. मात्र सहा महिन्यांनी कोणी विचारले की विजेचा खांब दाराच्या कोणत्या बाजूला होता, तर घरातल्या चार माणसांची चार उत्तरे येणार नाहीत.

वहीविषयी थोडे. महागडी घेऊ नये. एक एच.बी. आणि एक टू-बी पेन्सिल पुरते. खोडरबर पहिले काही महिने मुलाच्या हाती देऊ नये. चुकलेली रेघ राहू द्यावी, बाजूला दुसरी मारावी. मुलाने सायकलची साखळी चुकीची काढली तर ती आपण बरोबर करून देऊ नये, खाली नेऊन सायकल दाखवावी. "छान आहे" म्हणून वही बाजूला ठेवण्यापेक्षा एक प्रश्न विचारावा. मुलाचा हात खरोखरच चांगला असेल तर शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसवावे. इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळण्याची तरतूद झालेली आहे, आणि पुढे आय.टी.आय.ला यंत्राचे ड्रॉइंग वाचताना ती सवय उपयोगी पडते. फॉर्म कधी भरायचे हे शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांना आधीच विचारून ठेवावे, कारण तारीख गेल्यावर धावपळ करणारे पालक दर वर्षी दिसतात.

आणि एवढे करूनही वही घेणे होत नसेल, तर कचेऱ्यांतून रद्दीत जाणारे एका बाजूने कोरे कागद असतातच. वरिष्ठांची परवानगी घेऊन आम्ही दर शनिवारी त्यांचा एक गठ्ठा विहारातल्या अभ्यासिकेत आणून ठेवतो. पुस्तकबांधणी शिकलेल्या एका मुलीने त्यांच्या वह्या शिवायला घेतल्या आहेत. गेल्या महिन्यात चाळीस झाल्या.